हातातल्या संगणकाला छोटा रंगीत डिस्प्ले: आधी पांढरा पडदा, मग निळं संत्रं

बहारवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, काम काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये. झाडागणिक नोंदी घ्याव्या लागतात: कोणत्या ओळीतल्या कोणत्या झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलाय, कोळशी (पानांवरची काळी बुरशी) कुठवर पसरली, आंबिया बहाराची फळं किती टिकली. त्यासाठी हातात मावणारा एक संगणक घरीच जुळवलाय. आत रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू हा एका बोर्डाचा छोटा संगणक (पुढे नुसता पाय किंवा झिरो), खाली छोटा बटणांचा कीबोर्ड, मागे लिथियम पॉलिमर बॅटरी आणि वर इंचभराचा काळा-पांढरा ओलेड डिस्प्ले. तो १२८ × ६४ ठिपक्यांचा, आयटूसीवर, म्हणजे दोन तारांच्या संथ जोडणीवर चालणारा. लिहिण्यापुरतं काम भागतं.

पण मला बागेचा नकाशा हवाय. निरोगी झाडाचा चौकोन हिरवा, संशयिताचा पिवळा, लागण झालेल्याचा लाल. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं बसतात. ३२० × २४० च्या पडद्यावर एका झाडाला १२ ठिपक्यांचा चौकोन दिला तर ५२० झाडं मावतात, म्हणजे पावणेदोन हेक्टरच्या वर बाग एका नजरेत येते. म्हणून २.८ इंची रंगीत मॉड्यूल आणलं. लाल बोर्ड, १४ पिना, टचसकट. मागे आयएलआय९३४१ असं कंट्रोलर चिपचं नाव छापलंय.

जोडणी अशी: व्हीसीसी (वीज) पायच्या पिन १ ला, म्हणजे ३.३ व्होल्टवर. ग्राउंड ६ ला, सीएस (चिपची निवड) २४, रिसेट १८, डीसी (हुकूम की डेटा) २२, एसडीआय (डेटा) १९, एससीके (घड्याळ) २३, आणि एलईडी पिन १७ ला. टचच्या पिना मोकळ्या.

चालू केलं की पडदा पांढराफटक. उजेड आहे, चित्र नाही. एसपीआय, म्हणजे डिस्प्लेला डेटा पाठवायची जोडणी, पायवर चालू केलेली आहे. ऑपरेटिंग सिस्टिम रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती. डिस्प्ले मेला का?

झणझणीत

काऊन गा भाऊ, फोन नाही का तुह्याकडं? नकाशा, फोटो, जीपीएस सारं हाय त्याच्यात. हे वायर-बियर कायले करून राह्यला?

बहारवाला

फोन आहे ना भाऊ. पण हाताला डिंक आणि औषध लागलेलं असतं तेव्हा टचस्क्रीन ऐकत नाही, बटणं ऐकतात. आणि खरं सांगायचं तर हौस पण आहे.

झणझणीत

हौस हाय म्हन नं मंग. हौसेले मोल नाही. चालू दे.

तारवाले_काका

टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पांढऱ्या पडद्याला मी घाबरत नाही. मुला, डिस्प्ले मेलेला नाही. निदान त्याचा पुरावा अजून मिळालेला नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. या मॉड्यूलमध्ये दोन वेगळ्या वस्तू आहेत. मागचे दिवे, म्हणजे बॅकलाइट, आणि पुढची काच, जिला कंट्रोलर चिप हुकूम देते. तू एलईडीची पिन थेट ३.३ व्होल्टला दिलीस, म्हणजे दिवे लागणारच, चिप झोपलेली असली तरी. या जातीची काच वीज नसताना उजेड आरपार सोडते, म्हणून पांढरं दिसतं. अर्थ एवढाच की चिपपर्यंत हुकूम पोचलेले नाहीत, किंवा पोचले पण तिला समजले नाहीत.

आता मीटर काढ. मोजायचं ते मॉड्यूलच्या बाजूला, पायच्या बाजूला नाही. व्हीसीसीवर किती येतात? रिसेटवर ३.३ च्या आसपास येतात का? रिसेट ही उलटी पिन आहे, ती खाली ओढलेली राहिली तर चिप कायम रिसेटमध्ये. आणि मोजताना पट्टीच्या पिनवर नको, बोर्डावरच्या तांब्यावर टोक टेकव.

दुसरं. त्या लाल बोर्डावर रेग्युलेटरजवळ जे१ नावाचा उघडा जोड असतो. तो उघडा असेल तर व्हीसीसीला ५ व्होल्ट अपेक्षित आहेत, बोर्ड त्याचे ३.३ करून घेतो. तू ३.३ च देतोयस, म्हणजे रेग्युलेटर त्यातलंही थोडं खाणार. एक तर जे१ सोल्डरने जोड आणि ३.३ दे, नाहीतर तो उघडा ठेवून ५ दे. जे१ जोडून ५ व्होल्ट मात्र कधीही देऊ नकोस. सिग्नलच्या तारा दोन्ही बाबतींत ३.३ च्याच राहतात, पायच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत.

बर्डीकर

काकांनी हार्डवेअर सांगितलं, मी सॉफ्टवेअरचं विचारतो. कोणता ड्रायव्हर लावलाय? नेटवरचे जुने लेख वाचून करत असाल तर जरा थांबा. निम्मे लेख एफबीसीपी-आयएलआय९३४१ नावाच्या प्रोग्रामचे आहेत. प्रोग्राम अफलातून होता, पण तो डिस्पमॅनएक्स या पायच्या जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेवर उभा होता आणि बुकवर्ममध्ये ते उरलेलंच नाही. उरलेले लेख एफबीटीएफटी या जुन्या ड्रायव्हरचे. तो २०१५ पासून लिनक्स कर्नेलच्या स्टेजिंग (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या) विभागात पडून आहे. चालतो, पण नवीन काही करायचं असेल तर मी त्यावर घर बांधणार नाही.

आजचा सरळ रस्ता म्हणजे पॅनेल-मिपी-डीबीआय हा ड्रायव्हर. तो कोणत्याही एका चिपचा नाही. चिपला जागं करायचे हुकूम तुम्ही एका छोट्या फाइलमध्ये लिहायचे, तिची बायनरी करून फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि कॉन्फिग फाइलमध्ये रुंदी, उंची, वेग, रिसेट आणि डीसीच्या जीपीआयओ (पायच्या सिग्नल पिनांच्या) क्रमांकांसह ओव्हरले, म्हणजे जोडलेल्या वस्तूची ओळख सांगणारी नोंद, लावायचा. तुमच्या जोडणीत रिसेट म्हणजे जीपीआयओ २४ आणि डीसी म्हणजे जीपीआयओ २५. पिन क्रमांक आणि जीपीआयओ क्रमांक वेगळे असतात, ओव्हरलेला जीपीआयओचाच लागतो. एसडीओ (डिस्प्लेकडून परत येणाऱ्या डेटाची पिन) जोडलेली नाही, तर 'फक्त लिहायचं' हा पर्यायही द्या.

आणि हो, बुकवर्ममध्ये कॉन्फिग फाइल बूट फोल्डरच्या आत आणखी एका फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी त्याच नावाची फाइल दिसते. उघडली तर आत 'ही हलवली आहे' एवढंच लिहिलेलं.

बहारवाला

बर्डीकर, फाइल योग्य जागीच आहे, ड्रायव्हर पण तुम्ही म्हणता तोच. वेग ३२ मेगाहर्ट्झ दिलाय. काका, मोजून सांगतो.

चार_चाकी

मध्येच बोलतो, माफ करा. एवढी डोकेफोड करण्यापेक्षा गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ४.३ इंची स्क्रीन घ्या ना. अॅक्सेसरीजच्या कोणत्याही दुकानात मिळतो. झिरो टू डब्ल्यूच्या खालच्या बाजूला टीव्हीचे पॅड आहेत, त्यावर दोन तारा सोल्डर केल्या की कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे जुन्या टीव्हीचा सिग्नल मिळतो. ड्रायव्हर नको, हुकुमांची फाइल नको.

वेलांटी

चार_चाकी, गाडी मागे घेताना भिंत दिसावी म्हणून तो स्क्रीन ठीक आहे. कंपोझिट सिग्नलवर बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात, रंग एकमेकांत सांडतात. इंग्रजी मोठी अक्षरं कशीबशी लागतात. मराठी मात्रा आणि अनुस्वार? अनुस्वार आहे की पडद्यावरची धूळ, ते कळणार नाही. शिवाय त्यातले बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. हातातल्या यंत्रात १२ व्होल्ट कुठून आणणार?

नवशिका_७

दादा एक प्रश्न. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे जुन्या फोनचे डिस्प्ले ढिगाने पडलेले असतात, काही तर फुकट देतात. तो लावला तर? रिझोल्यूशन कितीतरी जास्त.

बर्डीकर

हा प्रश्न दर पावसाळ्यात उगवतो. नाही लागत, बाळा. फोनचे डिस्प्ले मिपी-डीएसआयवर चालतात, अतिवेगवान जोडीच्या तारा असतात त्या. झिरोवर डीएसआयचा सॉकेटच नाही, जो दिसतो तो कॅमेऱ्याचा. सॉकेट असता तरी त्या काचेला जागं करायचे हुकूम कंपनी कोणाला सांगत नाही, आणि तिची पट्टी इतकी बारीक की साध्या सोल्डरिंगने हात टेकावे लागतील. फुकटचा डिस्प्ले सगळ्यात महाग पडतो.

तारवाले_काका

एक पर्याय राहिला, तोही सांगून टाकतो म्हणजे उद्या कोणी विचारायला नको. डीपीआय, म्हणजे रंगाचा प्रत्येक बिट स्वतंत्र तारेवर. चित्र झकास आणि वेगवान, ८०० × ४८० आरामात. पण पायच्या ४० पिनांच्या पट्टीवरचे २८ च्या २८ जीपीआयओ तो गिळू शकतो. मग कीबोर्ड कुठे जोडणार? म्हणून हातातल्या यंत्राला एसपीआय बरा.

बहारवाला

काका, सापडलं! व्हीसीसी ठीक, डीसी ठीक. रिसेटला पट्टीच्या पिनवर ३.३ येत होते, पण तुम्ही म्हणालात तसं बोर्डावरच्या तांब्यावर टेकवलं तर काहीच नाही. मॉड्यूल पट्टी सोल्डर करूनच आलं होतं, त्यातली रिसेटची पिन ड्राय सोल्डर निघाली. वरून चकचकीत, आत जोडच नाही. पुन्हा तापवून पक्की केली, जे१ पण जोडला. चालू केलं तर चित्र आलं.

पण आता नवीनच भानगड. चाचणीसाठी संत्र्याचं चित्र टाकलं होतं, तर संत्रं निळं दिसून राहिलंय! नागपूरचं संत्रं निळं. घरचे हसून हसून बेजार.

झणझणीत

बाप्पा! हे तं जीआय टॅग काढून घेतीन तुह्या संत्र्याचा.

शून्य_एक

रंग उलटे झालेत, म्हणजे निगेटिव्ह. इन्व्हर्शनचा (रंग उलटवायचा) हुकूम द्या, हेक्स (सोळाच्या पद्धतीत लिहिलेला आकडा) २१. आयपीएस (कोणत्याही कोनातून नीट दिसणाऱ्या) काचेच्या, एसटी७७८९ ही कंट्रोलर चिप असलेल्या मॉड्यूल्सना तो लागतोच. बोर्डावर आयएलआय९३४१ छापलेलं असलं तरी आत दुसरी चिप असू शकते, मागचं छापील नाव पुरावा नव्हे. दोन्ही चिपांचे मूळ हुकूम बरेचसे सारखे असल्याने चुकीच्या नावाखालीही चित्र उमटतं.

बर्डीकर

मला नाही वाटत. लाल-निळ्याची अदलाबदल असेल. कंट्रोलर बीजीआर (निळा-हिरवा-लाल) धरतोय आणि आपण आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पाठवतोय, किंवा उलट.

शून्य_एक

निगेटिव्हमध्येही नारिंगीचा निळाच होतो ना.

वेलांटी

तुमचं दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच नुसत्या संत्र्यावरून निकाल लागणार नाही. जरा हिशेब करू. नारिंगी म्हणजे लाल २५५, हिरवा १६५, निळा ०.

लाल-निळा बदलला तर ०, १६५, २५५: आकाशी.
निगेटिव्ह केला तर ०, ९०, २५५: जरा गडद निळा.

तिसरी शक्यता तर कोणी काढलीच नाही. पडद्याला एका ठिपक्यासाठी १६ बिट जातात, लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. म्हणजे दोन बाइट. ते बाइट मागेपुढे झाले तर? नारिंगी हेक्समध्ये एफडी२० आहे. बाइट उलटले की २०एफडी. त्याचा रंग काढलात तर लाल थोडासा, हिरवा थोडासा आणि निळा जवळपास पूर्ण. तोही निळाच! तिन्ही रोगांचं लक्षण एक.

आता चित्रात संत्र्याला पान आहे का? आणि मागची पार्श्वभूमी पांढरी आहे का? पडद्यावर ती दोन्ही कशी दिसतात ते सांगा. पान हिरवंच आणि पार्श्वभूमी पांढरीच असेल तर लाल-निळ्याची अदलाबदल, कारण त्यात हिरव्याला आणि पांढऱ्याला धक्का लागत नाही. पान गुलाबी आणि पार्श्वभूमी काळी असेल तर निगेटिव्ह. पार्श्वभूमी पांढरी पण पान भलत्याच रंगाचं असेल तर बाइट उलटलेत.

तारवाले_काका

व्वा ताई. हे निदान मी वहीत उतरवून घेतलं.

बहारवाला

ताई, पान हिरवं आहे. पार्श्वभूमी पांढरी.

बर्डीकर

मग झालं. हुकुमांच्या फाइलमध्ये हेक्स ३६ शोधा. चित्राची दिशा आणि रंगांचा क्रम तोच ठरवतो. त्यापुढे तुम्ही आडव्या पडद्यासाठी बहुतेक हेक्स २० दिलं असेल, त्याचं २८ करा. तो ८ चा बिट म्हणजेच बीजीआर. बायनरी पुन्हा बनवा, रीबूट करा. शून्य_एकने सांगितलेला २१ घालू नका, नाहीतर पान गुलाबी होईल.

बहारवाला

२८ केलं. संत्रं नारिंगी. घरच्यांचा मूड गेला, त्यांना निळंच आवडलं होतं.

पुढचा प्रश्न. अधूनमधून पडद्यावर आडव्या रेघा आणि कचरा येतो, विशेषतः कूलर सुरू होताना. आणि ३२ मेगाहर्ट्झ ठेवू की वाढवू?

तारवाले_काका

तारा किती लांब आहेत? वीतभर जंपर असतील तर त्या तारा नाहीत, अँटेना आहेत. कूलरची मोटर चालू होताना जो झटका मारते तो त्या टिपतात. बोटभर लांबीच्या करा, घड्याळाच्या तारेशेजारी एक ग्राउंडची तार न्या. आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात काचेला हात लावण्याआधी अंगातली स्थिर वीज कुठेतरी अर्थिंगला उतरवून या.

वेगाचं म्हणाल तर आधी ८ वर उतरवा. कचरा गेला तर दोष तारांचा. मग हळूहळू वर चढा. आयएलआय९३४१ ची डेटाशीट प्रत्यक्षात फक्त १० मेगाहर्ट्झच लिहिण्याची हमी देते, लोक त्याच्या तिप्पट-चौपट पळवतात आणि ती बिचारी पळते. एसटी७७८९ ला कागदावरच ६२.५ ची मुभा आहे.

शून्य_एक

थोडं गणित माझ्याकडूनही. २४० × ३२० ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एका पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट. तुमचा जुना ओलेड १,०२४ बाइटमध्ये भागायचा. बरोबर १५० पट. रंगीत पडदा आयटूसीवर का चालवत नाहीत ते यातच आलं.

तुम्ही ३२ मागितले तरी मिळत नाहीत. झिरो टूचं मूळ घड्याळ ४०० मेगाहर्ट्झचं, ते सम आकड्यानेच भागलं जातं, त्यामुळे १४ ने भागून २८.५७ मिळतात. त्या वेगाने पूर्ण चित्राला ४३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २३ चित्रं. व्हिडिओला जेमतेम. पण तुम्हाला व्हिडिओ बघायचाय कुठे? एका झाडाचा चौकोन हिरव्याचा लाल करायला २८८ बाइट लागतात, आणि हा ड्रायव्हर बदललेला भागच पाठवतो. १६ वर चालवा, सुखात राहाल.

वेलांटी

बहारवाले, नोंदी मराठीत लिहिणार ना? मग आत्ताच सांगते, नंतर डोक्याला हात लावून बसाल. लिनक्सच्या उघड्या कन्सोलवर देवनागरी येत नाही. त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि अक्षरं जुळवायची अक्कल त्याला नाहीच. पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून चित्र काढणार असाल तर राक्म हे अक्षरांची मांडणी करणारं (लेआउट) इंजिन आहे की नाही ते पिलोलाच विचारून घ्या. नसेल तर पिलो साध्या पद्धतीने एकापुढे एक आकृत्या मांडतो.

चाचणीला 'डिंक्या' हाच शब्द घ्या. राक्म नसेल तर वेलांटी ड च्या पुढे पडेल, क चा पाय मोडलेला राहील आणि या वेगळा उभा असेल. राक्म असेल तर मागे हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी काम करते आणि शब्द शब्दासारखा दिसतो. पँगो आणि कैरो या लायब्ररी वापरल्यात तरी तेच.

फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त. २.८ इंचाच्या कर्णावर ४०० ठिपके म्हणजे इंचाला १४३. त्यावर २० ठिपक्यांचं अक्षर साडेतीन मिलिमीटरचं होतं, उभ्या बागेत हातभर अंतरावरून वाचता येतं. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून ओळीला ३० ठिपके सोडा, आठ ओळी बसतील.

आणि माझं स्पष्ट मत: तुम्हाला या पडद्याचा सगळ्यात मोठा फायदा हिरव्या-लाल चौकोनांचा होणार नाही, करड्या छटांचा होणार आहे. ओलेडवर ठिपका एक तर पेटतो नाहीतर विझतो, मधलं काही नाही. त्यात ष आणि प, घ आणि ध, भ आणि म ओळखायला संदर्भ लागतो. इथे अक्षराच्या कडेला अर्धवट उजळ ठिपके देता येतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जोडाक्षर फुटत नाही. मी अशा पडद्यावर फक्त काळं-पांढरंच लिहिते आणि तरी ओलेडकडे परत जाणार नाही.

बहारवाला

ताई, 'डिंक्या' टाकून पाहिला. नेमकं तुम्ही सांगितलं तसंच फुटलं होतं. राक्मला लागणारी फ्रीबिडीची लायब्ररी सिस्टिममध्ये नव्हती, ती टाकल्यावर राक्म हजर झालं आणि शब्द नीट आला. आणि अक्षरांचं अगदी खरं. आई चष्म्याशिवाय वाचू शकली.

लाल_हिरवा_सारखाच

एक विनंती. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, जन्मापासून. तुमचं यंत्र उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार असेल तर नुसत्या रंगावर विसंबू नका. लागण झालेल्या चौकोनात फुली मारा, संशयितात ठिपका. १२ ठिपक्यांत फुली आरामात बसते.

बहारवाला

हे डोक्यातच आलं नव्हतं. करतो.

दुपारची_पाळी

फुली मारा म्हणतो मीही, पण वेगळ्या कारणाने. मे महिन्यात दुपारी बागेत हा पडदा उघडला तर लालही दिसणार नाही आणि हिरवाही. ही काच बॅकलाइटवरच जगते, सूर्यापुढे तो दिवा कितीसा? पूर्वीच्या हातातल्या यंत्रांची तीच रड. २००० साली पहिला रंगीत पाम (खिशातला डायरीसारखा संगणक) आला, थ्री-सी. घरात सुंदर, बाहेर फिक्कट. त्याच वर्षीच्या कॉम्पॅक आयपॅकमध्ये परावर्तक (बाहेरचाच उजेड परत फेकणारी) काच होती, ४,०९६ रंग. ती उलट उन्हात खुलायची. आणि तिचं रिझोल्यूशन किती? २४० × ३२०, तुमच्याएवढंच.

आज तसं हवं असेल तर शार्पचे मेमरी एलसीडी आहेत, २.७ इंचात ४०० × २४०. उन्हात छापील कागदासारखे दिसतात आणि वीज जवळजवळ खात नाहीत. पण काळे-पांढरे. जपान डिस्प्लेचे परावर्तक रंगीतही येतात, आठ रंगांचे. तुम्हाला तीनच रंग लागतात, त्यामुळे खरं तर ते तुमच्यासाठीच. फक्त सहज मिळत नाहीत आणि खिशाला लागतात.

तारवाले_काका

जुन्या गोष्टी निघाल्यात तर आपला सिंप्युटर विसरू नका. बंगळुरूच्या लोकांनी बनवलेला, लिनक्सवर चालणारा हातातला संगणक, ३२० × २४० चा पडदा. २००४ मध्ये अमिडा या नावाने बाजारात आला, बनवायची भारत इलेक्ट्रॉनिक्स. स्वस्त मॉडेलचा पडदा काळा-पांढरा, महागड्याचा रंगीत. गावागावात पोचवायचा म्हणून निघाला आणि कुठे अडकला, तो वेगळा विषय, त्यावर मी इथेच रात्रभर लिहीत बसेन.

बहारवाला

उन्हाचं पटलं. सध्या पार्श्वभूमी पांढरी, रेघा काळ्या, चौकोनात खुणा असं केलंय. झाडाच्या सावलीत वाचता येतं, उघड्यावर नाही. संत्र्याची सावली तशी दाट असते, त्यामुळे निभेल. सकाळी लवकर आणि संध्याकाळीच बागेत जातो म्हणा.

आता बॅटरी. सेल २००० एमएएचचा. त्याचे ५ व्होल्ट करून पायला देतो. बॅकलाइट कमी-जास्त करायचा तर एलईडीची पिन थेट जीपीआयओला लावू का?

तारवाले_काका

अजिबात नको. जीपीआयओच्या एका पिनेतून १६ मिलिअँपिअरच्या वर मागायचं नाही. या आकाराचा बॅकलाइट त्याच्या कितीतरी पट मागतो. मध्ये एक छोटा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाक, त्याचं गेट जीपीआयओ १८ ला, म्हणजे पिन १२ ला. तिथे हार्डवेअर पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून उजेड ठरवणं) मिळतो, उजेड लुकलुकत नाही. बटण दाबलं नाही की थोड्या वेळाने दिवा बंद, एवढं केलंस तरी फरक कळेल.

२००० एमएएच म्हणजे ३.७ ने गुणून ७.४ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना वाया जाणारं वजा करून सहाच्या आसपास हातात येतात. यंत्र सरासरी सव्वा वॉट खात असेल तर पाच तास.

दुपारची_पाळी

आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ही बॅटरी गाडीत ठेवून चार्ज करू नका. लिथियमच्या बहुतेक सेलना चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच तिथे पोचते, बंद गाडीत तर विचारू नका. घरी आल्यावर, सेल थंड झाला की लावा. वापरताना साधारण ६० पर्यंत चालतं, तरी डॅशबोर्डवर टाकून जेवायला जाऊ नका.

चार_चाकी

पॉवर बँकच लावा ना सरळ.

शून्य_एक

काही पॉवर बँका एवढ्या कमी करंटवर 'कोणी नाही' असं समजून स्वतःच बंद होतात. झिरो निवांत बसलेला असताना तेच होतं, आणि अर्धवट लिहिलेली नोंद जाते. लावायचीच तर आधी तासभर नुसतं चालू ठेवून बघा.

बहारवाला

मॉसफेट लावला, पिन १२ वरून उजेड नीट कमी-जास्त होतो. तारा आखूड केल्यावर कूलरचा कचराही गेला. वेग सध्या १६ वर. टच जोडायचा विचार सोडला, बटणं पुरेत.

नवशिका_७

दादा, हेच सगळं ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपवर होईल का? माझ्याकडे तोच आहे.

वेलांटी

चौकोन, फुल्या, रंग सगळं होईल, पडदा आणि तारा त्याच. मराठी मात्र तिथल्या नेहमीच्या ग्राफिक्स लायब्ररी जुळवून देत नाहीत, 'डिंक्या' तसाच फुटलेला दिसेल. ठरलेले शब्द असतील तर संगणकावर त्यांची चित्रं बनवून चिपमध्ये साठवा आणि तीच दाखवा. मोकळेपणी टाइप करायचं असेल तर वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू.

नवशिका_७

काढतो ताई. मॉड्यूल कोणतं घेऊ, २.८ की २ इंची?

बर्डीकर

ठिपके दोन्हींत तेवढेच, २ इंचीवर अक्षर बारीक होईल. २.८ घे. आणि दुकानातच पट्टीच्या पिना वाकवून बघ, हलली तर दुसरं माग.